गवती चहाखालची बाळंतीण

आमच्या गल्लीत मला कजाग म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण गल्लीतल्या निम्म्याहून जास्त बायकांचे ब्लाउज मी शिवते, आणि सणाच्या तोंडावर शिवणारणीशी वैर कुणालाच परवडत नाही. पाठीमागं मात्र खुशाल म्हणतात. म्हणू देत. कजागपणा म्हणजे बाईनं स्वतःभोवती घातलेलं कुंपण असतं. ज्या ते घालत नाहीत त्यांच्या परसात दुसऱ्यांची गुरं चरून जातात, हे मी पाहिलेलं आहे.

सांगलीहून माधवनगरकडे येताना आमची गल्ली लागते, आणि गल्ली संपते तिथं आमचं घर. आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा आम्ही ते बांधलं. मागच्या भिंतीपलीकडं कुणाचं तरी उसाचं रान होतं. पाणी पाजून पाजून ते चिबड झालं, म्हणजे पाणी मुरेना आणि पीक येईना. आता तिथं बारमाही डबकं आणि पाणकणीस. मालक तिकडं फिरकत नाही, पाखरं फिरकतात. आमची बाग म्हणजे भिंतीच्या अलीकडची मागच्या दारची जागा. सांडपाण्यावर अळू, एक शेवगा, कढीपत्त्याचं झाड, कोपऱ्यात गवती चहाचा चांगला माजलेला बुंधा, आणि त्याच्याभोवती तेरडा. तेरडा मी लावलेला नाही. एका पावसाळ्यात आला आणि घर आपलंच समजून राहिला.

हा तेरडा माझा कमी आणि गल्लीचा जास्त होता. आमच्याकडे भाद्रपदात गौर येते ती तेरड्याची. ओढ्याकाठचा तेरडा मुळासकट उपटून त्याची जुडी बांधायची, ती वाजतगाजत घरी आणायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची आणि तीन दिवस माहेरवाशिणीसारखं तिचं कोडकौतुक करायचं. आमच्या ओढ्याचं आता गटार झालं आहे आणि काठावर तेरड्याऐवजी प्लॅस्टिक उगवतं. त्यामुळं गौरीच्या दिवशी सगळ्या बायका माझ्या मागच्या दारी यायच्या, हवा तेवढा तेरडा उपटायच्या, जाता जाता थोडा कढीपत्ताही ओरबाडायच्या. मी काही बोलत नसे. गौरीच्या कामाला नाही म्हणू नये, एवढं कजाग बाईलाही कळतं.

सगळ्यांच्या गौरीला तेरडा पुरवणाऱ्या माझ्या घरात मात्र गौर बसत नसे. आमच्या घराण्याचा पितळी मुखवटा कोरेगावला, थोरल्या जाऊबाईंकडे. त्यांना मी अक्का म्हणते. सासूबाई गेल्या तेव्हा ठरलं होतं की दोघी जावांनी एकेक वर्ष पाळीनं गौर बसवायची. ठरलं होतं हे फक्त मलाच आठवायचं. माझी पाळी आली की अक्का म्हणायच्या, "आगं, लेकराबाळांच्या घरात गौर शोभती. तूच ये की हिकडं, चार दिस ऱ्हा." मला मूल नाही. हे वाक्य मी इथं सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणी आडून आडून विचारायला नको. दवाखाने झाले, देव झाले, मग आम्ही दोघांनी ते प्रकरण मिटवलं. लोकांनी मिटवलं नाही. डोहाळजेवणात पाटावर बसलेलीची ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी मला आत भात बघायला पाठवायचं, आणि शिजून मुरलेला भात मी पुन्हा एकदा बघून यायची.

त्या वर्षी मी हट्टाला पेटले. पाळी माझी, मुखवटा माझ्या घरी आला पाहिजे. फोनवर भांडले, ह्यांना मध्ये घातलं, थोरल्या दिरांना मध्ये घातलं. शेवटी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच अक्कांनी मुखवटा पाठवून दिला, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून. मी तो चिंचेनं घासून लखलखीत केला आणि शिलाई मशीनशेजारच्या कपाटात ठेवला. हिरवी साडी घेतली. गौरीला खरं तर नुसता खण लागतो, पण मी अस्तर लावून, बाह्यांना काठ जोडून ब्लाउज शिवला. इतकी वर्षं जगाला शिवून दिलं, माझ्या घरच्या गौरीनं काय घोडं मारलं होतं?

आणि नेमकं उतरत्या श्रावणात एका सकाळी मी चहासाठी पात कापायला मागं गेले, तर गवती चहाचा बुंधा माझ्यावर फिसकारला.

मला वाटलं साप. विळा घट्ट धरला, पाय मागं घेतला आणि वाकून बघितलं. पातीच्या आत, तेरड्याच्या देठांआड दडून एक बदकीण बसली होती. पाळीव नव्हे, मागच्या डबक्यातली, रानची. तपकिरी अंग, प्रत्येक पिसाला फिकी किनार. काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाशी दोन तांबडे ठिपके. हळदी-कुंकू म्हणतात या बदकाला. ती उठली नाही, उडाली नाही. मान आवळून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली आणि मी अजून उभीच आहे म्हटल्यावर पुन्हा फिसकारली. मला ती तिथल्या तिथं आवडली. माझ्याच घरात मला हाकलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

त्या सकाळी चहा बिनपातीचा झाला. ह्यांनी एक घोट घेऊन कपात बघितलं.

"मागं बाळंतीण बसली हाय," मी म्हणाले.

हे उठून गेले, लांबूनच पाहणी करून आले. "जागा बराबर निवडलीया," म्हणाले. "पाठीला भिंत, समोरनं आडोसा. आता आपली तिकडची मूव्हमेंट बंद."

आणि बंद म्हणजे बंद. मागचं दार लावून घेतलं. भांडी आत घासू लागले. कपड्यांची दोरी पुढच्या अंगणात आली आणि माझे परकर गल्लीच्या तोंडावर वाळू लागले. लोकांनी बघितले. त्यांना काय वाटलं ते मी विचारायला गेले नाही.

न्हाणीघराच्या खिडकीतून मात्र मी बघायची. सकाळ-संध्याकाळ ती थोडा वेळ उठायची, स्वतःच्या छातीची मऊ पिसं अंड्यांवर ओढून घ्यायची, आणि भिंतीवरून डबक्याकडं जायची. परत येताना थेट घरट्यावर कधीच उतरायची नाही. आधी अळूत उतरायची, इकडं तिकडं बघत उभी राहायची, आणि मग आपलं इथं काहीच काम नाही अशा चालीनं आत सरकायची. नर दोन-तीनदा भिंतीवर दिसला, पुढं दिसेनासा झाला. ह्यांनी त्याचीही बाजू घेतली. "रजा मंजूर झाली असंल," म्हणाले.

गौरी येईपर्यंत हिचं उरकणार नाही, हे मला दिसत होतं. मी कुणाला कारण सांगितलं नाही. यंदा तेरडा मिळायचा नाही, एवढंच सांगितलं.

समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या गल्लीच्या बिनमताच्या सरपंच. त्या ब्लाउजचं माप बघायला आल्या होत्या.

"मिळायचा न्हाई म्हंजे?"

"म्हंजे न्हाई."

"आवं, गौरीला न्हाई म्हनतासा?"

"गौरीला न्हाई, तुमाला. बाजारात जुड्या मिळत्यात तेरड्याच्या."

"बाजारात तर ब्लाउजबी मिळत्यात," वहिनी म्हणाल्या.

"मग घ्या की," मी तोंडातली टाचणी काढून म्हणाले. त्यांचं कापड मी आधीच कापलेलं होतं, म्हणून विषय तिथं थांबला.

थांबला असं मला वाटलं. घराच्या बाजूनं मागच्या दारी जायला एक अरुंद बोळ आहे. वहिनी जाताना त्या बोळातून डोकावून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की शिवणारणीच्या घरी साक्षात गौर आली. तेरड्यात बसली आहे, कपाळाला कुंकू आहे, चोचीला हळद आहे, आणखी काय पुरावा पाहिजे? आणि ही बया तिला कोंडून बसली आहे.

तेरडा मागायला आलेल्यांना हाकलणं सोपं होतं. हात जोडून आलेल्यांना कसं हाकलायचं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बायका ताट घेऊन येऊ लागल्या. ताटात हळद-कुंकू, खण, तांदूळ, नारळ. गौरीची ओटी भरायची आहे म्हणे. मी दारात आडवी. "ती अंड्यावर बसलीया, दचकली तर उठून जाईल आन् परत यायची न्हाई," हे मी प्रत्येकीला सांगितलं. प्रत्येकीनं मान डोलावली आणि म्हटलं, "व्हय, पन आमी लांबनंच." एकीला फोटो हवा होता. एकीला तिच्या सुनेला नुसतं दर्शन घडवायचं होतं, सुनेला दिवस जात नव्हते म्हणून. तिला परत पाठवताना माझा आवाज जरा कमी झाला, पण पाठवलीच.

मग एका दुपारी मी हुक आणि अस्तर आणायला बाजारात गेले, हे कोरेगावला गेले होते, आणि भाविकांनी संधी साधली. परत येऊन बघते तर बोळाच्या तोंडाशी नारळाच्या करवंट्या. तेरड्याचे चार-पाच देठ मोडलेले. गवती चहाच्या पातीवर हळद, कुंकू, अक्षता. आणि घरटं उघडं. अंडी पिसांनी झाकलेली नव्हती. ती झाकायला तिला वेळच मिळाला नव्हता. शेवग्यावर कावळे येऊन बसले होते.

मी छत्री घेतली आणि तिथंच, पण घरट्यापासून अंतर ठेवून, उभी राहिले. कावळा खाली आला की छत्री उघडायची. अंड्यांवर हात ठेवावा, निदान ऊब राहील, असं फार वाटलं. ठेवला नाही. माझ्या हाताचा वास लागला आणि तिनं तेच निमित्त केलं तर? हे आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातून छत्री घेतली आणि मला न्हाणीघराच्या खिडकीशी पाठवलं. दिवस कलताना ती आली. अळूत उतरली. तिथं इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, ही आता वळते आणि जाते. मग सरकली आत.

मी न्हाणीघरातच खाली बसले आणि रडले. राग होता आणि भीती होती, दोन्ही. ती परत आली म्हणून सुटकेचं रडू होतं असं कुणी म्हणेल, पण मला तेव्हा सगळ्या गल्लीचे गळे दाबावेसे वाटत होते.

त्या रागातच मला सुचलं. घरात बाळंतपण झालं की दहा दिवस सुवेर लागतं. सुवेराच्या घरात पूजा नाही, ओटी नाही, नैवेद्य नाही. नुसतं त्या घराला नव्हे, सगळ्या भावकीला ते पाळावं लागतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात, म्हणजे येणाऱ्याला कळतं की आत बाळंतीण आहे, आपण उंबऱ्याबाहेर थांबायचं. देवाच्या नावानं घुसणाऱ्यांना अडवणारी आमच्याकडं ही एकच गोष्ट आहे. गल्लीतल्या कितीतरी दारांवर मी तो डहाळा पाहिला होता. माझ्या दारावर तो कधी बांधला गेला नव्हता.

कोपऱ्यावरच्या लिंबाचे दोन डहाळे मोडले. एक पुढच्या दारावर बांधला, एक बोळाच्या तोंडाशी.

वहिनी ताट घेऊन आल्या आणि पायरीवरच थांबल्या. पाय आपोआप थांबतात, वळणच तसं असतं.

"काय झालं?"

"सुवेर."

"कुनाचं?"

"तिचं. माझ्या घरात बाळंत झाली, तर सुवेर माझ्या घराला."

वहिनी काही कमी नव्हत्या. अंडी कुठं फुटली आहेत अजून, म्हणाल्या, मूल जन्मल्याशिवाय सुवेर कसलं? मी म्हटलं, पाखरू दोनदा जन्मतं. एकदा अंडं पडतं तवा, एकदा फुटतं तवा, म्हणून त्याला द्विज म्हणत्यात. पहिलं बाळंतपण झालंया. शाळेत शिकलेलं संस्कृत आयुष्यात एवढं एकदाच कामाला आलं. वहिनींनी तिथल्या तिथं गुरुजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. गुरुजींनी आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बदकाचं सुवेर मी काही ऐकलेलं नाही. पण घरची बाई पाळते म्हणते ना, मग त्या घरात जाऊन ओटी भरू नका. उगाच दोष कशाला घ्या."

वहिनींनी फोन ठेवला. ताटावर पदर टाकला. जाता जाता वळून म्हणाल्या, "आन् तुमची गौर? सुवेराच्या घरात तुमीबी बसवणार न्हाई म्हंजे?"

याचं उत्तर मी डहाळा मोडतानाच देऊन बसले होते. माझ्या घरात गौर बसली असती तर त्यांचं ताट मागच्या दारी जाण्यापासून मी कुठल्या तोंडानं अडवणार होते? नियम सांगायचा तर तो आधी आपल्या अंगाला लावावा लागतो. "न्हाई बसवणार," मी म्हणाले, आणि आत जाऊन कपाट उघडलं. मुखवटा लखलखत होता. हिरव्या साडीची घडी मोडलेली नव्हती. मी कपाट बंद केलं.

गौरीच्या आदल्या दिवशी अक्का कोरेगावहून आल्या. आम्ही फोनवर काही कळवलं नव्हतं, कारण ह्यांना ते जमत नाही आणि मला धीर होत नव्हता. त्या एका हातात शेपूच्या जुड्या, दुसऱ्या हातात पुरणाच्या डाळीची पिशवी घेऊन रिक्षातून उतरल्या आणि दारात थबकल्या. डहाळ्याकडं बघितलं. मग माझ्या पोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं. माझं वय काय, आपलं वय काय, हे त्या क्षणभर विसरल्या असाव्यात.

"कुनाचं गं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा मिटत गेला, आणि मग त्या पेटल्या.

"बदक आपल्या भावकीत कवापासनं आलं? सासूबाईंनी पुरात गौर चुकू दिली न्हाई, आन् तू पाखरासाठी चुकवतीस? मुखवटा पायजे म्हनून माझ्याशी भांडलीस, आन् आता?"

"आता पाळी आली तर ती बसलीया. तिला मी बोलवाय गेले न्हवते, अक्का."

"तुझ्या दारावर लिंब लागावा म्हनून किती देव पुजले मी. कुनाकुनाला नवस बोलले, तुला ठावं तरी हाय का? आन् लागला कुनासाठी, तर बदकिणीसाठी."

"लागला न्हवं?" मी म्हणाले. "मग झालं तर."

अक्कांनी मुखवटा मागितला. सुवेराच्या घरात तो राहू देणार नाही म्हणाल्या. मी काढून दिला. वर हिरवी साडी आणि ब्लाउज ठेवला. त्यांनी ब्लाउज उलटून बघितला, अस्तर बघितलं, बाहीचे काठ बघितले. सगळं पिशवीत भरलं आणि आलेल्या रिक्षानंच परत गेल्या. भावकी म्हणून त्यांच्या घराला लागणारं सुवेर त्यांनी पाळायचं नाही असं ठरवलं होतं, माझ्या घरचं मात्र पाळलं. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

ते तीन दिवस मला जड गेले. घरोघरी शेपूचा आणि पुरणाचा वास. समोर झिम्मा-फुगड्या चालल्या होत्या आणि मी पुढच्या खोलीत मशीनवर कुणाच्या तरी परकराला नाडीची पट्टी जोडत होते. मूल नाही म्हणून पाखराचं कौतुक, असं बायका बोलतात हे माझ्या कानावर आलं. बोलणाऱ्या बाईला मी दुसऱ्याच दिवशी नळावर गाठून सांगितलं की मला दहा पोरं असती तरी मी हेच केलं असतं, आणि दहाही पोरांना छत्र्या देऊन राखणीला उभं केलं असतं. मला माझ्या उत्तराचा अजूनही अभिमान आहे.

गौरी गेल्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात तसं गल्लीच्या भक्तीचंही झालं. बदकिणीचं नाव कुणी घेईना. आणि मग एका सकाळी न्हाणीघराच्या खिडकीतून बघते तर ती बुंध्याबाहेर उभी, आणि तिच्या पायांशी पिवळी-काळी पिल्लं एकमेकांवर चढत होती. मला मोजता आली नाहीत, एक जागेवर थांबेल तर शपथ. भिंतीखाली सांडपाण्याला वाट ठेवलेली आहे. ती त्या वाटेच्या तोंडाशी गेली, एकदा मान वळवून पिल्लं आली का बघितलं आणि आत शिरली. मागोमाग सगळी. शेवटचं एक अळूच्या पानात अडकलं, धडपडलं, आणि तेही गेलं. मी खिडकीचे गज धरून उभी होते. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. माहेरवाशीण निघताना उंबऱ्यात डोळे पुसते, वळून वळून बघते. ही नाही. का बघावं तिनं? मी तिचं काही देणं लागत होते असंच तिला वाटत असावं, आणि तिचं बरोबर असेल.

घरट्यात टरफलं होती आणि एक न फुटलेलं अंडं. ते मी तिथंच राहू दिलं. दोन दिवसांनी मुंगसानं नेलं.

दहा दिवस मी खरोखरीचं सुवेर पाळलं. मग मोठं पातेलं घेऊन बारशाच्या घुगऱ्या शिजवल्या, गहू आणि हरभरे, वर खोबरं, आणि वाट्या भरून गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः नेऊन दिल्या. आजवर सगळ्यांच्या घुगऱ्या मी खाल्ल्या होत्या, आता माझ्या खा. कुणी हसत घेतल्या, कुणी नाइलाजानं. आमच्याकडं दुसऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. कुणाकडून साखर आली, कुणाकडून मूठभर शेंगदाणे. समोरच्या वहिनींच्या वाटीत खण होता. बाळंतिणीला देतात तसा. "कवा शिवून देतासा?" त्यांनी विचारलं. तो खण मी शिवला नाही, ठेवून दिला.

दारावरचा डहाळा मात्र मी काढला नाही. पानं वाळली, झडली, दिवाळीत नुसत्या काटक्या उरल्या. संक्रांतीला कुणीतरी म्हणालं, अपशकुन असतो. मी म्हटलं, असू दे.

पुढच्या पावसाळ्याआधी मी एक काम केलं. तेरड्याच्या शेंगा, हात लावला की फुटतात त्या, गोळा करून ठेवल्या होत्या. ते बी पुढच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, सगळीकडं टाकलं. गल्लीला सांगितलं, पुढचा तेरडा तुमचा, मागच्याला हात लावायचा नाही. ती येईल असं काही नव्हतं. पाखरू कुणाला शब्द देत नाही.

त्या वर्षी पाळी कोरेगावची. मी मुखवटा मागितलाही नव्हता. तरी गौरीच्याच दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या, काखेत लुगड्याच्या धडप्यातलं गाठोडं. वर्षभरात आम्ही दोघी कामापुरतंच बोललो होतो. त्यांनी दारावरच्या काटक्या बघितल्या.

"आली का?"

"आली," मी म्हणाले. "परवा फिसकारली माझ्यावर."

"अंडी?"

"हायत."

अक्का गाठोडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आल्या पावली परत जाणार. त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. छत्री घेऊन कोपऱ्यावर गेल्या. त्या बुटक्या, हात पुरेना, तर छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढली आणि हिरवागार डहाळा मोडला. परत येऊन काटक्या सोडवल्या, त्याच सुतळीनं नवा डहाळा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली.

"वाळका लिंब दारावर ठिवू न्हाई," म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या गाठोड्याकडं बघून म्हणाल्या, "आता ह्याचं काय? सुवेर हाय की तुझ्या घरात."

"हाय. आन् गौरबी बसनार," मी म्हणाले. "यंदा दोन्ही. गौर पुढं, ती मागं."

"लोकं काय म्हनतील?"

"कजाग म्हनतील."

अक्कांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. त्यांनी धडपा सोडला. मुखवट्याबरोबर तोच ब्लाउज, तीच हिरवी साडी होती. कोरेगावला ती साडी नेसवली नव्हती, घडी तशीच होती. पुढच्या अंगणातला तेरडा आम्ही दोघींनी उपटला, जुडी बांधली. ती जुडी घेऊन अक्का पायरीवर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू आत ऱ्हा. घरच्या बाईनं आत ऱ्हायाचं असतं."

कोरेगावला इतकी वर्षं मी बाहेरच्या बायकांत उभी राहिले होते. आता मी उंबऱ्याच्या आत होते. लिंबाखालून वाकून अक्कांनी पहिलं पाऊल टाकलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"हळदी-कुंकवाच्या पावलांनी" हे उत्तर घरच्या बाईनं द्यायचं असतं. ते समोरच्या घरापर्यंत, गल्लीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ठणकावून द्यायचं, हे मी किती वर्षांपासून ठरवून ठेवलं होतं.

पण मागं ती बसली होती. म्हणून मी हळू आवाजात दिलं.